सही कोणाची?



माझी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, 'कॅन्सरवर दोनदा मात केलेली आपली मैत्रीण.' तुम्ही टाळ्या वाजवल्यात. पण मात वगैरे मी केलेली नाही. उपचार मिळाले, पैसे उभे राहिले, बहीण येऊन घर सांभाळत राहिली, म्हणून मी आज इथं आहे. ज्या गेल्या, त्या लढण्यात कमी पडल्या असं कुणी म्हणू नये.

माझं पहिलं ऑपरेशन १९९८ साली झालं. मी ४१ वर्षांची होते. डाव्या स्तनात गाठ होती. डॉक्टर नवऱ्याशी बोलले, दिरांशी बोलले. मला फक्त 'काळजी करू नका' एवढंच. फॉर्मवर सही नवऱ्याची. शुद्धीवर आले, हात छातीकडे गेला, तेव्हा मला कळलं. नवरा वाईट नव्हता. हिला कशाला घाबरवायचं, असं त्याला वाटलं. पण मला जपताना सगळ्यांनी मलाच वगळलं.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही. अमेरिकेतही एके काळी गाठ तपासण्यासाठी भूल द्यायचे आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. १९७४ साली रोझ कुश्नर या पत्रकार बाईंनी हे नाकारलं. आधी तपासणी, मग निर्णय माझा, असा आग्रह त्यांनी धरला, त्यावर लिहिलं, भांडल्या. १९८५ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: आजार सुरुवातीचा असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते. म्हणजे १९९८ साली मला विचारता आलं असतं, 'माझा स्तन वाचेल का?' असा प्रश्न असतो, हेच मला माहीत नव्हतं.

२००९ साली पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, सारखं लघवीला जावं लागायचं. अपचन म्हणून ओवा खात चार महिने घालवले. तुम्ही घालवू नका. निघाला बीजकोषाचा कॅन्सर. पहिला पसरला नव्हता, हा वेगळाच होता. मागच्या जन्मीचं पाप, असंही कानावर आलं. खरं कारण पुढं रक्ताच्या तपासणीत कळलं: बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष. तो आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. माझी आत्या अशीच पोटाच्या आजारानं गेली होती. पण डॉक्टरांनी विचारलं होतं फक्त आईकडच्या बायकांबद्दल.

या वेळी मी वहीत प्रश्न लिहून नेले. काय काढणार? का? नाही काढलं तर? डॉक्टर जरा चिडले, पण उत्तरं दिली. सही मी केली. २०११ साली टाक्यांच्या जागी हर्निया झाला, त्या ऑपरेशनचीही सही माझीच.

हा काही लाड नाही, कायदा आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोष काढले होते. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. सज्ञान बाईच्या जागी आईचीही सही चालत नाही, मग नवऱ्याची कुठून चालेल?

माझा रिपोर्ट आला तेव्हा मुलीचं लग्न झालेलं होतं. हा दोष तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. तपासणी करून घ्यावी, असं मला वाटत होतं. तिच्या सासरी नको होतं. आमची दोन्हीकडून ओढाताण चालली होती, तेव्हा ती म्हणाली, 'आई, तुझ्या वेळी झालं तेच तू करते आहेस.' मी गप्प झाले. वर्षभरानं तिनं आपणहून तपासणी केली. काय निघालं ते मी इथं सांगणार नाही. ते सांगायचं तर तीच सांगेल.

आपल्या गटातली कुणी दवाखान्यात निघाली तर एकीनं बरोबर जा. प्रश्न लिहून न्या. फाईल कपाटात नवऱ्याच्या कागदांत नको, तिच्या हाताशी ठेवा. आणि फॉर्म आला की म्हणा, आधी तिला वाचून दाखवा.