नानांची आगगाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनी खेळण्यातली आगगाडी निघाली, तर आपण आधी काय करतो? ओलं फडकं शोधतो. मी तर त्याच्याही पुढे गेलो होतो.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे हॉर्नबीची चावीची गाडी होती. मेकॅनो हे खेळणं काढणारे फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यानं १९२० मध्ये या पत्र्याच्या गाड्या बाजारात आणल्या. रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. नाना लहान असताना त्यांच्या मामांनी ती मुंबईहून आणली होती. किरमिजी इंजिन आणि त्याच्या बाजूवर सोनेरी अक्षरं : एल. एम. एस. म्हणजे लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे. ती खरीखुरी कंपनी १९४८ च्या पहिल्या दिवशी सरकारजमा झाली, नानांचं इंजिन मात्र आमच्या घरी राहिलं.

कॉलेजात असताना नानांना खूश करावं म्हणून मी ते इंजिन थिनरनं पुसलं. मळ निघाला आणि त्याबरोबर मधलं ‘एम’ही निघालं. ही अक्षरं म्हणजे रंगावर उठवलेली पातळ छाप असते, हे मला ठाऊक नव्हतं. नाना रागावले नाहीत. “स्वच्छ झाली रे, पण आता ती कुठली गाडी ते कळत नाही,” एवढंच म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

पुढे मी अशा गाड्या साफ करायला नीट शिकलो. पहिलं काम कोरडं. मऊ केसांच्या कुंचल्यानं धूळ झटकायची. तेवढ्यानंच पुष्कळ काम होतं. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब घालायचा, कापसाची काडी त्यात बुडवून पिळायची आणि आधी गाडीच्या पोटाशी, न दिसणाऱ्या जागी फिरवून पाहायची. कापसाला रंग लागला, की तिथेच थांबायचं. नाही लागला, तर बोटभर जागा पुसायची, लगेच कोरडी करायची आणि मगच पुढची घ्यायची. सोनेरी अक्षरांच्या वाटेला शक्यतो जाऊच नये. गाडी पाण्यात बुडवू तर कधीच नये, कारण पत्र्याच्या दुमडींत पाणी राहतं आणि आतून गंज चढतो.

चिंच, लिंबू, भांड्यांची पूड, धातूचं पॉलिश, स्पिरिट, रॉकेल हे सगळं वर्ज्य. गंज दिसला तरी खरवडायचा नाही, आजूबाजूच्या रंगाचे पापुद्रे निघतात. उघड्या पत्र्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात पुरतो. चावीच्या यंत्रातलं जुनं तेल आटून चिकट झालेलं असतं, म्हणून साफसफाईआधी चावी देऊ नये. काही जुन्या गाड्यांची जस्तमिश्र धातूची चाकं आतूनच तडकतात. धातू ओतताना राहिलेल्या शिशाच्या अंशामुळे असं होतं. त्यावर इलाज नाही, चाकंच बदलावी लागतात.

एक इशारा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर लावू नका, धूळ तोंडानं फुंकू नका, काम झालं की हात साबणानं धुवा आणि अशी गाडी लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेल्या गाडीला आतल्या आत दमट हवा लागते. सुती कापडात गुंडाळून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

नाना आता नाहीत. माझी नात परवा विचारत होती, “आजोबा, मधलं अक्षर कुठे गेलं?” नव्यानं केलेली तशी अक्षरं आज विकत मिळतात. सगळं इंजिन रंगवून नवंकोरं करून देणारेही भेटतात. मी दोन्ही केलं नाही. नानांच्या लहानपणापासून त्यांचा हात फिरून जो रंग झिजला, तो नव्या रंगाखाली कायमचा झाकला जाईल. नातीला मी खरं ते सांगितलं आणि तिच्या हातात कुंचला दिला. मऊ केसांचा, कोरडा.