टाच दुखणारा विद्यार्थी



खो-खोच्या सामन्यांचे दिवस जवळ येतात आणि नेमका संघातील सर्वांत चपळ मुलगा लंगडू लागतो. टाच दुखते, असे तो सांगतो. पाहावे तर जखम नाही, सूज नाही, काटा मोडलेला नाही. वर्गात तो हसतखेळत असतो. मैदानावर धावला की मात्र टाच टेकवीत नाही. हा चुकारपणा असावा, अशी शंका शिक्षकाच्या मनात येते आणि मुलाला मैदानाभोवती दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतात. ही शिक्षा देण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

लहान वयात टाचेचे हाड एकसंध नसते. त्याच्या मागील टोकाचा भाग साधारणपणे ७-८ वर्षांच्या सुमारास स्वतंत्रपणे तयार होऊ लागतो आणि मुख्य हाडाशी मऊ कूर्चेने जोडलेला राहतो. वयाच्या १४ ते १६ वर्षांपर्यंत तो हाडाशी एकजीव होतो. पोटरीचे बळकट स्नायू धोंडशिरेच्या द्वारे याच भागाला जोडलेले असतात. मूल झपाट्याने उंच होते तेव्हा हाडे आधी वाढतात, स्नायू मागे राहतात व शीर ताणली जाते. त्यातच कठीण जमिनीवर अनवाणी धावणे व उड्या मारणे घडले, की कूर्चेच्या जागी वेदना होतात. अमेरिकन अस्थितज्ज्ञ डॉ. जेम्स सेव्हर यांनी १९१२ साली या दुखण्याचे वर्णन केले. हे दुखणे मुख्यतः ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत आढळते. ते आळशी मुलास क्वचितच होते. जो अधिक धावतो, त्यासच ते गाठते.

टाच दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली असता मूल कळवळते, ही याची ठळक खूण होय. अशा मुलाचे धावणे व उड्या काही आठवडे कमी कराव्यात. खेळानंतर थंड पाण्याची पट्टी ठेवल्यास आराम पडतो. मऊ तळाचे व टाचेकडे किंचित उंच असे पादत्राण वापरावे. वेदना ओसरल्यावर भिंतीला हात टेकून, टाच न उचलता, पोटरी हळूहळू ताणण्याचा व्यायाम रोज करावा. टाचेवर बिब्बा घालणे किंवा डाग देणे यांपासून पालकांना अवश्य परावृत्त करावे.

मात्र टाच लाल होऊन सुजली, ताप आला, रात्री विश्रांतीतही वेदना राहिल्या, काटा किंवा खिळा रुतला असला, उंचावरून पडल्यानंतर पाय टेकवेनासा झाला, अथवा काही आठवड्यांच्या विश्रांतीनेही उतार पडला नाही, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

मैदानाबाहेर बसविलेल्या मुलाला आपण संघाला नकोसे झालो असे वाटू नये, याचीही काळजी घ्यावी. त्याच्याकडे गुण लिहिण्याचे किंवा वेळ पाहण्याचे काम द्यावे. टाच काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, बरी होते आणि मूल पुन्हा धावू लागते. परंतु खरे सांगूनही गुरुजींनी खोटे ठरविले, ही खंत त्याच्या मनातून इतक्या लवकर जात नाही. पुढे एखादे अधिक गंभीर दुखणे झाले, तर ते गुरुजींना सांगावयास तो धजणार नाही. यास्तव लंगडणाऱ्या मुलाला प्रथम जवळ बोलवावे, त्याची टाच पाहावी आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.