कुलूपबंद भ्रमणध्वनी : हक्काच्या मालकाने काय करावे

(ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या अंगणवाडीतला प्रसंग घ्यावा. जुन्या सेविका सेवानिवृत्त झाल्या आणि कामासाठी मिळालेला भ्रमणध्वनी त्यांनी रीतसर परत केला. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली, पोच मिळाली, सह्या झाल्या. परत करण्यापूर्वी आपली छायाचित्रे आणि घरचे संदेश परक्याच्या दृष्टीस पडू नयेत, या साध्या इच्छेने त्यांनी नातवाला सांगितले आणि त्याने बाजूची बटणे एकदम दाबून धरून फोनमधील सारी माहिती पुसून टाकली. नव्या सेविकेने फोन सुरू केला तो पडद्यावर सूचना आली : या फोनवर पूर्वी वापरलेल्या खात्याची खूण पटवा. खाते जुन्या सेविकेच्या नावाचे आणि त्याचा पासवर्ड कोणाच्याच ध्यानात नाही. अंगणवाडीच्या नोंदी २०२१ सालापासून पोषण ट्रॅकरवर भरल्या जातात. वजनकाटा आहे, बालके आहेत, सेविकाही आहे; पण नोंदीचे साधन कुलपात अडकले आहे.

या प्रसंगात कोणीही लबाडी केलेली नाही. तरी फोनच्या लेखी नवी सेविका आणि एखादा खिसेकापू यांत काडीचाही फरक नाही. असे का व्हावे, हे समजून घेतल्यावाचून त्यावरचा उपायही नीट समजणार नाही.

हे कुलूप मुळात चोरासाठी आहे. भ्रमणध्वनी हिसकावून पळण्याचे प्रकार अमेरिकेतील मोठ्या शहरांत फार वाढले, तेव्हा २०१३ साली तेथील काही सरकारी वकिलांनी कंपन्यांकडे अशी मागणी लावून धरली की, चोरलेला फोन चोराच्या हाती निरुपयोगी ठरला पाहिजे. त्याच वर्षी ॲपल कंपनीने आयफोनमध्ये मालकाच्या खात्याशी जोडलेले कुलूप आणले. कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये या विषयावर कायदाच केला. १ जुलै २०१५ नंतर तयार होऊन त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या फोनांना तो लागू झाला. गूगलनेही २०१५ साली अँड्रॉइड फोनांत अशीच सोय केली. चोर प्रथम फोन कोरा करतो आणि मग विकतो, असा अनुभव होता. म्हणून फोन कोरा केल्यावरही मागील खात्याची खूण शिल्लक राहील, अशी ही रचना आहे. आपल्याकडे वापरात असलेल्या फोनांतही तीच आहे.

ज्यांचा सातबारा उताऱ्याशी नित्य संबंध येतो, त्यांना हा प्रकार चटकन उमगेल. जमीन कोण कसतो हा एक प्रश्न आणि दप्तरी नाव कोणाचे हा दुसरा. खरेदी झाली, पैसे दिले, नांगर घातला, पण फेरफार नोंदलाच नाही, तर पुढे किती हेलपाटे घालावे लागतात हे गावोगाव ठाऊक आहे. फोन हातात असणे म्हणजे ताबा. खाते म्हणजे दप्तरी नाव. फोन देताना जुने खाते काढले नाही, तर तो फेरफाराविना झालेला व्यवहार होय. फरक इतकाच की तलाठ्यासमोर कागद ठेवून बोलता येते. फोनला बिल वाचता येत नाही आणि साक्षीदार चालत नाहीत.

तेव्हा पहिला मार्ग खात्याचाच. अँड्रॉइड फोन बटणे दाबून कोरा केला असेल, तर अनेकदा तो दोहोंपैकी एक खूण स्वीकारतो : जुने गूगल खाते, किंवा पूर्वी पडदा उघडण्यासाठी वापरलेला आकडा अथवा बोटाने काढलेली आकृती. ही दुसरी सोय पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. खात्याचा पासवर्ड विसरला असल्यास तो कंपनीच्या पुनर्प्राप्ती पानावरून नव्याने ठरवावा लागतो. तेथे काही पथ्ये आहेत. अर्ज शक्यतो नेहमीच्या ठिकाणावरून आणि पूर्वी ते खाते ज्यावर उघडले होते अशा संगणकावरून किंवा दुसऱ्या फोनवरून करावा, कारण ओळख पटविताना कंपनी या गोष्टीही पाहते. आठवेल तो अखेरचा पासवर्ड भरावा. नक्की आठवत नसले तरी जागा मोकळी सोडू नये. नवा पासवर्ड मिळाला की लगेच फोन पुन्हा कोरा करण्याची घाई करू नये; गूगलच्या सूचनेप्रमाणे त्यापूर्वी २४ तास थांबावे लागते. ॲपलच्या खात्याला तर कित्येक दिवसांची मुदत पडते. ती मुदत मुद्दाम ठेवलेली असते. खरा मालक दुसराच असेल, तर त्याला हरकत घेता यावी हा तिचा हेतू आहे, फेरफाराच्या नोटिशीसारखा.

सर्वांत अधिक अडचण येते ती नोंदविलेल्या जुन्या क्रमांकामुळे. खात्याची सांकेतिक संख्या त्या क्रमांकावर जाते आणि तो क्रमांक तर केव्हाच सोडलेला असतो. सिम हरवले असेल आणि क्रमांक स्वतःच्या नावे असेल, तर ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे सिम घेता येते. बंद केलेला क्रमांक मात्र किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग ती संख्या भलत्याच माणसाच्या हाती पडते आणि मालक हात चोळीत बसतो.

खात्याचा मार्ग खुंटला, तर कागदाचा. आयफोनच्या बाबतीत मूळ खरेदीचे बिल सादर करून कुलूप काढण्याची विनंती ॲपलकडे करता येते. फोन हरवल्याची खूण त्यावर लावलेली नसावी आणि तो एखाद्या संस्थेच्या नियंत्रणाखालील नसावा, अशा अटी आहेत. अँड्रॉइड फोन अनेक कंपन्या बनवितात आणि प्रत्येकीचे नियम निराळे. त्यांतील काहींची अधिकृत सेवाकेंद्रे बिल व ओळखपत्र पाहून मदत करतात. बिलावर फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक असावा, हे फार महत्त्वाचे. कार्यालयांत खरेदीची पावती प्रमाणकाबरोबर फाईलमध्ये जाते आणि लेखापरीक्षण झाले की तिची आठवण कोणालाच राहत नाही. तिची एक प्रत त्या फोनबरोबर फिरावयास हवी.

जुना फोन विकत घेणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याने विक्रेत्यालाच गाठावे. आयफोन असेल तर विक्रेता दूर राहूनही आपल्या खात्यातून तो काढून टाकू शकतो. अँड्रॉइडवर त्याने समक्ष येऊन खाते भरून देणे हाच खात्रीचा उपाय. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर फोनच्या मूळ मालकीविषयी शंका घ्यावी. खरेदीपूर्वी केवायएम ही अक्षरे, मोकळी जागा आणि आयएमईआय क्रमांक असा लघुसंदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविला, तर त्या फोनची स्थिती कळते. आयएमईआय पाहण्यासाठी *#०६# दाबावे.

येथे एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. संचार साथी या केंद्र शासनाच्या सेवेतून हरवलेला फोन बंद करता येतो. ती व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा व नगर हवेली येथे प्रथम सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये सर्व देशाला खुली झाली. ती बंदी दूरध्वनी जाळ्यावरची असते. फोन सापडल्यावर ती उठविली म्हणून खात्याचे कुलूप उघडत नाही. आणि खाते उघडले म्हणून बंदी उठत नाही. ही दोन कुलपे आहेत, त्यांच्या किल्ल्याही दोन.

सर्वांत कठीण प्रसंग घरातील कर्ता माणूस गेल्यानंतरचा. त्याच्या फोनमध्ये पीककर्जाचे संदेश असतात, विम्याचे कागद असतात, मुलांची छायाचित्रे असतात. अशा वेळी दुःखात असलेली पत्नी तालुक्याच्या बाजारातील कोणा दुकानदाराच्या ‘पाचशे रुपयांत उघडून देतो’ या शब्दावर विसंबते. तो जे करतो त्यात पुष्कळदा फोन कोरा होतो; म्हणजे ज्यासाठी धडपड होती तेच नाहीसे होते. कित्येकदा फोनमध्ये परकी आज्ञावली घातली जाते आणि पुढे त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होतात. म्हणून प्रथम मृताचे सिमकार्ड बंद होऊ देऊ नये. मृत्युप्रमाणपत्र दाखवून ते वारसाच्या नावे करून घ्यावे. मृत व्यक्तीच्या खात्याविषयी कुटुंबीयांची विनंती गूगल विचारात घेते, पण पासवर्ड कोणालाही देत नाही. ॲपल कायदेशीर कागद पाहून कुलूप काढते. फोन मात्र कोरा करावा लागतो. पडद्याचा आकडा ठाऊक नसेल, तर फोनच्या आतील माहिती परत मिळेलच असे आश्वासन कोणीही देऊ नये. हयातीतच वारस नेमून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये केली आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी म्हणून जागरूक असणारी माणसेही ही सोय वापरताना क्वचितच दिसतात.

कार्यालयीन फोनांचा प्रश्न मात्र कार्यालयानेच सोडविला पाहिजे. त्याचा भार सेविकेवर किंवा शिक्षकावर टाकणे न्यायाचे नाही. शासकीय फोनवर व्यक्तीचे घरचे खाते असूच नये. कार्यालयाच्या नावाचे खाते काढावे आणि त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात जबाबदार अधिकाऱ्याकडे राहावा. कार्यभार देताना चार्ज यादीत चार्जर आणि कव्हर यांची नोंद आवर्जून होते, खात्याची होत नाही. खाते सेटिंग्जमधून प्रथम काढावे, मग तेथूनच फोन कोरा करावा आणि तो घेणाऱ्याच्या समक्ष सुरू करून दाखवावा. यास दहा-पंधरा मिनिटे लागतात.

प्रारंभीच्या प्रसंगात जुन्या सेविकेचा शोध घेणे हेच सर्वांत जवळचे. पासवर्ड त्यांना आठवणार नाही, पण पाच वर्षे दिवसातून वीस वेळा काढलेली आकृती डोक्यातून गेली तरी बोटात राहिलेली असते. पर्यवेक्षिकेने फोन घेऊन त्यांच्या घरी जावे, तो त्यांच्या हाती द्यावा आणि चूक झाल्याचा शब्दही न काढता त्यांना दोन-तीनदा प्रयत्न करू द्यावा. तेवढ्याने कुलूप न उघडल्यास त्यांच्याच घरी, त्यांच्याच क्रमांकावर खाते परत मिळविण्याचा अर्ज भरावा. तोवरची वजने व उंची नव्या सेविकेने तारीखवार वहीत लिहून ठेवावीत आणि त्या वहीवर पर्यवेक्षिकेने दर आठवड्यास सही करावी.