पोराच्या हातून अपघात झाला तर

दर वेळी आपण हप्ते, व्याज, पासबुक असं बोलतो. आज जरा वेगळं बोलू, कारण ही वेळ आमच्याच गटातल्या एका ताईंवर आली.

त्यांचा मुलगा पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप घेऊन मार्केटला निघाला होता. आडरस्त्याने एक मोटरसायकल आली, धडक झाली आणि त्या भाऊंच्या मांडीचं हाड मोडलं. पोराने 108 ला फोन केला, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबला. पण गर्दी तापायला लागली तसा घाबरून घरी आला. तक्रारीत नुसता गाडीचा नंबर होता.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. घरात बैठक बसली. कुणी म्हणालं, "गाडी काका चालवत होते असं सांगू. त्यांचं आता काय जायचंय?" खरं सांगतो, आमच्यातल्या दोघी-तिघींनीही मान डोलावली.

मग आम्ही ताईंना घेऊन तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत गेलो. बाईमाणसाला तिथे मोफत सल्ला मिळतो, अटकेतल्या माणसालाही मोफत वकील मिळतो. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं नाव सांगणं हा बचाव नाही, तो दुसरा गुन्हा आहे. आणि 108 ला फोन कोणाच्या नंबरवरून गेला? पोराच्याच ना? तो फोन म्हणजे त्याची चांगली बाजू आहे. काकांचं नाव लावलंत की तीच तुम्ही हाताने पुसली."

आम्ही गप्पच झालो. भरतीचंही त्यांनी सांगितलं. गुन्हा दाखल असेल तर फॉर्ममध्ये लिहावा लागतो, आणि लपवलं तर तेवढ्यावरूनही निवड जाऊ शकते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वागून कुणाला गंभीर दुखापत केली तर कलम 125 लागतं. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणं ही गंभीर दुखापतच धरतात. सोबत रस्त्यावर बेदरकार गाडी चालवल्याचं कलम 281 लावतात. दोन्ही जामीनपात्र आहेत, त्यामुळे जामीन हा हक्क आहे. "पैसे द्या, नाहीतर पोरगा आत जाईल" असं सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नका. जखमी माणूस दगावला तर मात्र कलम 106 लागतं आणि शिक्षा 5 वर्षांपर्यंत जाते.

पण अपघात झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. चालकाने निष्काळजीपणा केला हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. "गाडी जोरात होती" एवढंच म्हणून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच एका निकालात सांगितलंय. वळण कसं होतं, उजेड होता का, समोरचा कुठून आला, ब्रेक कसे होते, हे सगळं बघावं लागतं.

म्हणून पहिल्या दोन दिवसांतली कामं महत्त्वाची. जखमीला मदत करा. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघावं लागतं, ते कायद्यालाही मान्य आहे. पण 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायलाच हवं. विमा कंपनीलाही कळवा. जागेचे, गाडीचे फोटो काढा. जवळच्या दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण पुसलं जायच्या आत वकिलांना सांगा. पाहणारे कोण होते ते लिहून ठेवा. गाडी तपासून होईपर्यंत दुरुस्त करू नका. कोऱ्या कागदावर सही नको, आणि "कबूल करून टाक, दंडावर सुटशील" असं कुणी म्हणालं तर आधी वकिलांना विचारा. कबुली म्हणजे दोषी ठरणं, ते पुढे आयुष्यभर सोबत राहतं.

आणि एक. त्या भाऊंच्या घरीही चूल आहे. आम्ही चार जणी ताईंसोबत दवाखान्यात गेलो. त्यांच्या बायकोने आधी तोंड फिरवलं. आम्ही विम्याची पॉलिसी दाखवली, भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो हे सांगितलं. तेव्हा त्या बोलल्या. भरपाई मिळावी म्हणून कागद देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. मात्र गावात बसून केलेल्या तडजोडीने फौजदारी केस संपत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते.

ताईंची केस अजून चालू आहे. पोरगा जामिनावर आहे, तारखेला स्वतःच्या नावाने उभा राहतो. निकाल काय लागेल ते आम्हाला सांगता येत नाही. पण ताई म्हणतात, "रात्री झोप लागते."

तेव्हा मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर गाडीचा विमा आणि लायसन्स यांच्या तारखा बघा. 18 वर्षांखालच्या पोराच्या हाती गाडी देऊ नका, त्याने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. मोफत कायदे सल्ल्याचा नंबर 15100. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.