फडावरचे पाहुणे आणि आपले विद्यार्थी

(वार्षिक समारंभातील भाषण)



सातारा-सांगलीला स्थलांतर नवे नाही. खानापूर-आटपाडीकडील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी भारतभर पसरले आहेत. आणि आपला ऊस तोडण्यासाठी बीडकडील टोळ्या दरसाल येतात. म्हणजे आपण पाहुणेही आहोत आणि यजमानही.

२५ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा गळीत हंगाम संपत आला होता. लेकराबाळांसह हजारो तोडणी मजूर राज्यभर अडकून पडले. तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा शासनाचा निर्णय १७ एप्रिलला झाला. मधल्या काळात प्रश्न उभे राहिले ते अगदी साधे होते. रेशनकार्ड गावी आणि माणूस फडात, तर धान्य कोठून घ्यावे? गरोदर बाईने कोणत्या दवाखान्यात जावे? परप्रांतीय मजुराने मराठी फलक कसा वाचावा? रेशनकार्ड देशात कोठेही चालावे, ही योजना सर्व राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत अमलात आणावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी दिला. कागदावरची सोय फडापर्यंत पोहोचली काय, हे मात्र कोणीतरी जाऊन विचारले पाहिजे.

ते काम पदवीचे विद्यार्थी करू शकतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी २००६ पासून 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा भरते. तीत पदवीच्या विद्यार्थ्यांनाही स्थान आहे. आपल्या मुलामुलींजवळ तर जादा भांडवल आहे. घरी उर्दू, बाहेर मराठी. त्यामुळे बीडचा तोडणीवाला आणि बिहारचा गवंडी, दोघांशीही त्यांना मोकळेपणी बोलता येते.

पथ्ये मात्र तीन पाळा. मुकादमाने होकार दिला तरी मजुराची स्वतःची परवानगी घ्या. कोणाचेही नाव उघड करू नका. आणि अहवाल कपाटात न ठेवता ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र व तहसील कचेरीत नेऊन द्या.

मित्रहो, मदिनेच्या अन्सारांनी मक्केहून आलेल्या मुहाजिरांना आपल्या घरादारात वाटा दिला, हे आपण नेहमी सांगतो. सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, हेही सांगतो. सांगणे पुष्कळ झाले. येत्या हंगामात खोपटी उभी राहतील, तेव्हा वही घेऊन तेथे जा आणि आधी ऐकून घ्या.