फळा, पडदा आणि गुरुजी



ज्ञान जपण्याची साधने काळानुरूप बदलतात, हे जैन समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. शतकानुशतके श्रुत मुखोद्गत होते. पुढे स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली, तेव्हा ते ग्रंथबद्ध करावे लागले. श्वेतांबर परंपरेत वल्लभीच्या वाचनेसंदर्भात देवर्धिगणी क्षमाश्रमण यांचे नाव आदराने घेतले जाते. दिगंबर परंपरेत आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमाचे स्मरण श्रुतपंचमीला केले जाते. मुखातून ताडपत्रावर, ताडपत्रावरून कागदावर आणि कागदावरून छापखान्यात असा हा प्रवास झाला. परंतु केवळ पोथी भांडारात ठेवल्याने कोणी ज्ञानी झाला नाही. ती उलगडून सांगणारा गुरू प्रत्येक पिढीला लागलाच. आज वर्गात आलेले संगणक, प्रोजेक्टर, मोबाइल आणि इंटरनेट यांचा विचार करतानाही हेच सूत्र उपयोगी पडते.

या विषयाचा धडा खानदेशाला बाहेरून आणण्याचे कारण नाही. मूळचे धुळ्याचे आणि त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात कार्यरत असलेले हर्षल विभांडिक यांनी मागील दशकात धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याचा संकल्प सोडला. दोन-चार शाळांना संगणक भेट देऊन, छायाचित्र काढून परत जाणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तो सोपा मार्ग स्वीकारला नाही. गावोगावी सभा घेतल्या, पालकांशी आणि शिक्षकांशी संवाद साधला आणि खर्चाचा मोठा वाटा गावाने स्वतः उचलावा, उरलेला भार आपण उचलू, अशी अट घातली. शेतकरी, शेतमजूर आणि नोकरदार यांनी यथाशक्ती वर्गणी दिली. २०१७ च्या सुमारास हे काम जिल्ह्यातील सुमारे अकराशे शाळांपर्यंत पोहोचले.

या अटीतच त्या कार्याचे मर्म आहे. फुकट मिळालेली वस्तू कपाटात जाते; स्वकष्टाच्या पैशातून आलेल्या वस्तूची विचारपूस होते. ज्या पालकाने शंभर रुपये दिले, तो शाळेपुढून जाताना एकदा तरी विचारतो, “गुरुजी, ते यंत्र चालू आहे ना?” शाळेची खरी राखण हा प्रश्नच करतो.

यंत्र चालू असणे आणि शिकवणे घडणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. धुळ्याच्या मुलांना पांझरा नदी शिकवायची असे समजू या. पडद्यावर उपग्रहाचा नकाशा उघडला, तर पश्चिमेच्या डोंगरातून निघालेली पांझरा साक्री तालुक्यातून धुळे शहरात येऊन पुढे तापीला कशी मिळते, हे चौथीच्या मुलालाही पाच मिनिटांत दिसते. तेवढ्यावर पाठ थांबला तर ती केवळ करमणूक होय. पण शिक्षकाने याच नदीवरील जुने बंधारे दाखविले, पाणी आळीपाळीने वाटून घेणारी फड पद्धती समजावली आणि पाटकऱ्याचे काम पाहिलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला वर्गात बोलावले, तर भूगोल, इतिहास, शेती आणि सहकार हे चारही विषय एका तासात जिवंत होतात. पडद्याने नदी दाखविली. ती कोणी आणि कशी वाटून घेतली, हे आजोबांनी सांगितले. आणि या दोहोंची सांगड घातली ती गुरुजींनी.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तोही केवळ यंत्रामुळे नव्हे. त्यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोडची चौकोनी चिन्हे चिकटवून मुलांना कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय उपलब्ध करून दिले. वर्गातील मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे ओळखून त्यांनी पुस्तकातील मजकूर त्या भाषेतही आणला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही असे कोड छापले जाऊ लागले आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ व्यासपीठाशी ते जोडले गेले. पुरस्काराची निम्मी रक्कम डिसले यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या समाजाला ही गोष्ट विशेष भावणारी आहे.

खानदेशासाठी यातील भाषेचा मुद्दा फार मोलाचा आहे. येथील अनेक मुले घरी अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा बोली ऐकू येते, तर चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या सातपुडा भागात पावरी. ही मुले पहिलीत येतात आणि पुस्तकातील प्रमाण मराठी त्यांना परकी वाटते. दूरच्या शहरातील चित्रफीत त्यांच्यापुढे लावल्याने हे परकेपण वाढण्याचीच शक्यता अधिक. उलट, शिक्षकाने स्वतःच्या मोबाइलवर मुलांच्या बोलीत एक गोष्ट ध्वनिमुद्रित केली, तर तेच साधन घर आणि शाळा यांमधील पूल होते. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरातल्या माणसांनी त्यांच्या ओव्या कागदावर उतरविल्या आणि पुत्र सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखविल्या, म्हणून १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. आजही खेड्यापाड्यांतील आजीबाईंच्या ओठांवर गाणी आहेत. विद्यार्थ्यांनी ती ध्वनिमुद्रित करावीत, वर्गात ऐकावीत, लिहून काढावीत; मराठीचा यापेक्षा उत्तम प्रकल्प कोणता असेल?

साधन साधे असले तरी शिक्षक मोठा असू शकतो, याचे उदाहरणही याच भूमीत आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक लिहीत. कागद आणि दौत-टाक एवढीच त्यांची माध्यमे होती. पण मुलांना रोज काही ताजे, त्यांच्यासाठीच लिहिलेले वाचावयास द्यावे, ही तळमळ होती. ही तळमळ असेल तर इंटरनेट तिला हजार हात देते. नसेल तर कितीही महागडे यंत्र केवळ भिंतीची शोभा होते.

साधनांची मर्यादाही विसरता येणार नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले. ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, तेथील मूल दिवसभर शाळेबाहेरच राहिले. सातपुड्याच्या कुशीतील वाड्यापाड्यांवर मोबाइलच्या संपर्कलहरीच पोहोचत नव्हत्या. तेथे ज्यांनी झाडाखाली, ओट्यावर किंवा मंदिराच्या पारावर मुले जमवून शिकविले, त्या शिक्षकांनी शिक्षणाची ज्योत तेवत ठेवली. माध्यम बंद पडले तरी अध्यापन बंद पडू नये, हा त्या काळाचा धडा होय.

दुसरी मर्यादा सत्याची. इंटरनेटवर खरे आणि खोटे एकाच पंगतीत बसलेले असते. म्हणून विद्यार्थ्याला माहिती शोधण्याइतकेच ती पारखण्याचेही शिक्षण हवे. एकाच घटनेची दोन वृत्ते शेजारी ठेवून ‘हे कोणी लिहिले? कोणत्या बाजूने पाहिले? काय वगळले?’ असे प्रश्न विचारण्याची सवय शिक्षकाने लावावी. वस्तूला अनेक बाजू असतात, हे सांगणारा अनेकान्त येथे प्रत्यक्ष उपयोगात येतो. मूळ साधनांकडे वळण्याची सोयही जवळच आहे. जळगावच्या जैन हिल्सवर भवरलालजी जैन यांनी उभारलेले गांधीतीर्थ २०१२ मध्ये खुले झाले, तर धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रे सांभाळीत आहे. अशा ठिकाणी एकदा जाऊन आलेला विद्यार्थी पडद्यावरच्या प्रत्येक वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

शेवटी प्रश्न उरतो तो दात्यांचा. ज्ञानदान हे श्रेष्ठ दान मानणाऱ्या समाजाने शाळेला काय द्यावे? संगणकावर नाव कोरून देणे सोपे आहे आणि ते गैरही नाही. परंतु थकलेल्या वीजबिलापायी जोडणी तुटलेल्या शाळांच्या बातम्या महाराष्ट्राने अनेकदा वाचल्या आहेत. प्रोजेक्टरचा दिवा गेला, तर तो बदलण्याची तरतूद कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. म्हणून देणगी देण्यापूर्वी दात्याने शिक्षकाला विचारावे की, वर्गात कोणते काम अडले आहे. यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च बाजूला ठेवावा. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला हातभार लावावा. आणि गावाचाही काही वाटा त्यात असावा, असा आग्रह धरावा. अशा देणगीवर नाव कदाचित दिसणार नाही. पूर्वजांनी लिहवून घेतलेल्या असंख्य पोथ्यांवरही दात्यांची नावे आज कोण वाचतो? पोथी मात्र वाचली जाते.

फळा पुसला जाईल, पडदा बदलेल, उद्या आणखी नवे काही येईल. वर्गात मुलाच्या डोळ्यांत पाहून ‘समजले का, बाळ?’ असे विचारणारा आवाज तेवढा टिकविला पाहिजे. तो टिकला, तर प्रत्येक साधन ज्ञानाचेच साधन ठरेल.

जय जिनेंद्र.