चित्रफीत आणि तबकडीची मर्यादा



शाळेचे स्नेहसंमेलन पार पडते, मंडप उतरतो आणि एक काम मागे उरते. ज्या मुलांचे आईवडील त्या सुमारास ऊसतोडीसाठी दूर गेलेले असतात, त्यांना परतल्यावर आपल्या मुलांचा कार्यक्रम पाहावयास मिळावा, म्हणून चित्रणाची तबकडी, म्हणजे डीव्हीडी, करावयाची असते. आज पुष्कळ घरी मोबाइल आला आहे हे खरे. तथापि जेथे जुना दूरचित्रवाणी संच व डीव्हीडी-प्लेयर अद्याप चालतो, तेथे आजी-आजोबांसह सारे घर एकत्र बसून कार्यक्रम पाहू शकते.

समजा, संमेलन २ तास ४० मिनिटे चालले आणि चित्रण करणाऱ्याने पेनड्राइव्हवर दिलेली फाइल १.८ जीबीची आहे. तबकडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी असे छापलेले असते. गुरुजींना वाटते, निम्म्याहून अधिक जागा रिकामीच राहणार. संगणकावर रूपांतर सुरू करून ते घरी जातात. दुसऱ्या दिवशी पाहतात तो फाइल ७.४ जीबी झालेली, आणि तबकडी ती घेत नाही. मग घाईघाईने शेवटचा भाग कापला जातो. त्या शेवटच्या भागात चौथीच्या मुलींचे लेझीम असते.

येथे यंत्राची चूक मुळीच नाही. चित्रफितीचा आकार मूळ फाइलच्या आकारावरून ठरत नसून, दर सेकंदाला किती बिट खर्च करावयाचे आणि एकूण सेकंद किती, या दोन गोष्टींच्या गुणाकारावरून ठरतो. या दर सेकंदाच्या खर्चाला बिटरेट म्हणतात. हौद आणि तोटीचे जे उदाहरण गुरुजी फळ्यावर सोडवून दाखवितात, तेच हे गणित होय.

आता लहान फाइल मोठी का झाली? डीव्हीडी १९९६ साली प्रथम जपानमध्ये विक्रीस आली. तिच्यावरील चित्र एमपेग-२ या पद्धतीने साठविलेले असते. आजच्या मोबाइलमध्ये पुष्कळदा वापरली जाणारी एच.२६४ ही पद्धत २००३ सालची. ती अधिक काटकसरी असल्याने तेच चित्र थोड्या बिटांत बसविते. नव्या पद्धतीतून जुन्या पद्धतीत आणताना तेवढीच स्पष्टता टिकवावयाची, तर जागा अधिक लागणारच. जुनी पद्धत म्हणून तिला हिणविण्याचे मात्र कारण नाही. डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. ती कोणताही संक्षेप न करता साठविली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ५५ लाख बाइट खर्ची पडतील आणि संपूर्ण तबकडीवर जेमतेम पाच मिनिटांचा कार्यक्रम मावेल. तेथे दोन तास बसविणे ही एमपेग-२ची करामत आहे.

रूपांतरापूर्वी करावयाचा हिशेब असा. तबकडीवर ४७० कोटी बाइट मावतात. एका बाइटचे ८ बिट, म्हणून ३,७६० कोटी बिट. २ तास ४० मिनिटांचे सेकंद झाले ९,६००. भागाकार केला असता सेकंदाला सुमारे ३९ लाख बिट येतात. त्यांतून ध्वनीसाठी १ लाख ९२ हजार वगळावे. अनुक्रमणिका व इतर आवश्यक नोंदींसाठी शेकडा ४ राखून ठेवावेत. चित्रासाठी साधारण साडेपस्तीस लाख उरतात. गुरुजींच्या संगणकाने ६० लाखांचा दर धरला होता, म्हणून फाइल तबकडीबाहेर गेली.

आणखी एक फसगत येथेच होते. वेष्टनावरील जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. परंतु विंडोज प्रणालीचा संगणक १,०७,३७,४१,८२४ बाइटना एक जीबी म्हणतो. त्यामुळे तीच तबकडी तेथे ४.३८ जीबीची दिसते. पडद्यावर ४.५ जीबी दाखविणारी फाइल ४.७च्या तबकडीवर जाणार नाही.

साडेपस्तीस लाखांत भाषण नीट दिसते, कारण वक्ता जागेवर उभा असतो. लेझीम सुरू झाले की चित्रात चौकटी पडू लागतात. यास्तव रूपांतर दोन फेऱ्यांत करण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. पहिल्या फेरीत संगणक केवळ पाहणी करतो. दुसऱ्या फेरीत भाषणातील बिट वाचवून नृत्याला देतो. वेळ दुप्पट लागला तरी लागू द्यावा.

कापणे अपरिहार्यच असेल, तर पडदा सरकण्याची वाट, ध्वनिक्षेपकाची तपासणी आणि पाहुण्यांची प्रतीक्षा हे आधी कापावे. अशी २५ मिनिटे निघाली, तर उरलेल्या ८,१०० सेकंदांना चित्रासाठी प्रत्येकी साडेबेचाळीस लाख बिट मिळतात आणि एकाही मुलाचा कार्यक्रम जात नाही. प्रास्ताविक भाषणही थोडे आखडले तर फारशी तक्रार येण्याचा संभव नाही. याहून सरळ मार्ग म्हणजे मध्यंतरापाशी भाग पाडून दोन तबकड्या करणे. ८.५ जीबीची दुपदरी तबकडीही मिळते. परंतु काही जुने प्लेयर ती वाचीत नाहीत, म्हणून खेड्यातील घरी देण्यासाठी तिची भलावण करवत नाही. एकदा मोठी झालेली फाइल पुन्हा दाबून लहान करण्याची सोयही असते. तीत चित्राची झीज दोनदा होते. त्यापेक्षा मूळ फाइल जपून ठेवावी व तिच्यापासूनच नव्या दराने रूपांतर करावे.

तबकडी काठोकाठ भरण्याचाही मोह नसावा. लेखन आतून बाहेर होत जाते. म्हणजे कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेशी येतो, आणि मुलांची बोटे तेथेच लागतात. लेखन संपल्यावर तबकडी बंद करण्याची, म्हणजे फायनलाइझ करण्याची, क्रिया राहून गेली, तर ती दुसऱ्यांच्या प्लेयरवर चालेलच असे नाही. पहिली प्रत शाळेच्या संचावर शेवटपर्यंत, लेझीम संपेपर्यंत, लावून पाहावी. मगच इतर प्रती काढाव्यात. वरच्या बाजूस शाळेचे नाव, वर्ष आणि ‘भाग पहिला’ वा ‘भाग दुसरा’ असे मऊ टोकाच्या पेनाने लिहावे. बॉलपेनने दाबून लिहिल्यास आतील थरास इजा पोचते.